शोधनिबंध लिहिताना – भाग 6 : वर्ष, खंड, अंक, पान

मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये विमानं उडू लागली आणि पेडणे तालुक्याकडे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं लक्ष वळलं. पार्सेतल्या एखाद्या मुलीला गावच्या जमिनी आणि कामधंद्यातल्या बदलांवर निबंध लिहायचा असेल, तर मुलाखती ती घरोघर जाऊन घेईल. पण 1961 नंतरचा गोवा कसा पालटला, हे सांगायला तिला आधीच्या अभ्यासकांकडे जावंच लागेल. पुस्तकांचे संदर्भ गेल्या भागात झाले. आज जर्नलमधले लेख.

रॉबर्ट न्यूमन यांचा गोव्यावरचा एक महत्त्वाचा लेख घेऊ. अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीने, म्हणजे एएसए शैलीत, त्याची नोंद अशी होते :

न्यूमन, रॉबर्ट एस. 1984. "गोवा : द ट्रान्स्फॉर्मेशन ऑफ ॲन इंडियन रीजन." पॅसिफिक अफेअर्स 57(3):429–49.

लेखाचं नाव अवतरणचिन्हांत, जर्नलचं नाव तिरप्या टायपात. 57 हा खंड, कंसातला 3 हा अंक, पुढे पानं. मजकुरात मात्र (न्यूमन 1984:431) एवढंच पुरतं. शब्द जसेच्या तसे उचलले असतील तर पान हवंच.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघा. तिसऱ्याच अंकात 429वं पान कुठून आलं? या जर्नलच्या पानांचे आकडे वर्षभर पुढे चालू राहतात, म्हणून. अशा वेळी अंकाचा आकडा राहिला तरी लेख सापडतो. पण अनेक नियतकालिकं दर अंकाला पहिल्या पानापासून सुरुवात करतात. तिथे अंक गाळला तर वाचणाऱ्याने वर्षाचे सगळे अंक चाळायचे का? म्हणून अंक नेहमी लिहावा.

खंडाचा आकडासुद्धा फसवू शकतो. 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी 1957 मध्ये सुरू केलं. 1967 पासून नवी मालिका निघाली आणि खंड पुन्हा 1 वर आला. त्यामुळे नव्या मालिकेतल्या लेखापुढे 'नवी मालिका' असं लिहिण्याचा प्रघात आहे, तो पाळावा.

जर्नलची नावंही बदलतात. मालवणचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण आणि पाश्चात्यीकरणावरचं टिपण 1956 मध्ये 'फार ईस्टर्न क्वार्टर्ली'च्या 15व्या खंडात आलं. पुढच्याच खंडापासून त्या जर्नलचं नाव 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' झालं. नोंदीत लेख छापला गेला तेव्हाचंच नाव राहतं. तोच नियम गावांच्या नावांना. शीर्षकात 'बिचोलिम' छापलं असेल तर तुम्ही तिथे 'डिचोली' करायचं नाही.

श्रीनिवासांच्या याच टिपणाबाबतीत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट घडते. संस्कृतीकरणावर दोन ओळी लिहिल्या की मुलं 1956 चा संदर्भ ठोकून देतात, आणि टिपण उघडलेलंही नसतं. व्याख्या एखाद्या पाठ्यपुस्तकातून आलेली असते. मूळ लेख वाचायला मिळाला नाही, यात कमीपणा काहीच नाही. मग 'श्रीनिवास 1956, अमुक पुस्तकात उद्धृत' असं लिहा आणि सूचीत ते पुस्तक नोंदवा. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवणं ही वाचकाची फसवणूक आहे, आणि पाठ्यपुस्तकातली चूकही त्यासोबत तुमच्या निबंधात येते.

पुस्तकरूपाने आलेल्या लेखांचंही तसंच. न्यूमन यांचे गोव्यावरचे निबंध 2001 मध्ये म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने काढले. तुम्ही निबंध त्या पुस्तकात वाचला असेल तर नोंद पुस्तकाची, पानंही पुस्तकातलीच. जर्नलच्या पानांशी ती जुळणार नाहीत.

गूगल स्कॉलरवर एका क्लिकवर तयार नोंद मिळते. ती घ्या, पण लेखाचं पहिलं पान शेजारी उघडून एकेक आकडा पडताळा. यंत्र कधी अंक गाळतं, कधी लेखकाचं नाव आडनावाच्या जागी बसवतं. आपल्याकडच्या नावांबाबत तर विशेष जपावं.

'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारख्या मराठी नियतकालिकांसाठीही हाच साचा चालतो. जुन्या अंकांवर खंडाऐवजी 'वर्ष' असतं, ते खंडाच्या जागी लिहावं. महिना छापलेला असेल तर तोही द्यावा, कारण ग्रंथालयात जुने गठ्ठे बहुधा महिन्यांप्रमाणेच बांधलेले असतात.

पुढच्या भागात वर्तमानपत्रं आणि पंचायतीचे कागद.