परसातला पेरू मोठा कसा होईल?

पुष्कळांच्या परसात पेरूचे एखादे झाड असते. झाड फळांनी लगडते. पण फळ पाहावे तर लिंबाएवढे! निम्मी फळे पोरे कच्चीच खातात. उरलेली पाखरे टोचतात. बाजारात नेण्याजोगी दहासुद्धा निघत नाहीत. मग घरात कोणी म्हणते, "झाडच खोटं. तोडून सरपण करा."

पण थांबा. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी झाडाचा संसार कसा चालतो ते आपण पाहू.

झाडाचे स्वयंपाकघर म्हणजे त्याचे पान. मुळे जमिनीतून पाणी आणि क्षार आणतात. पाने उन्हाच्या बळावर हवा आणि पाणी यांपासून साखर तयार करतात. ती साखर फळात जाते आणि फळ वाढते. आता एका डहाळीवर पाने थोडी आणि फळे आठ असली तर काय होईल? भाकरी थोडी, तोंडे फार. कोणाचेच पोट भरत नाही.

म्हणून पहिला उपाय हा, की फळे विरळ करावीत. फळ सुपारीएवढे झाले की झाडाभोवती फिरावे. एका ठिकाणी दोन-तीन फळे असतील तर एकच ठेवावे. किडके, वाकडे, डागी आधी काढावे. बारीक डहाळीवर एक किंवा दोन फळे पुरेत. फळ ओढू नये, देठाशी कात्रीने कापावे.

तुम्ही म्हणाल, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचं?" तुमची शंका खरी आहे. फळे विरळ केली म्हणजे झाडावरचे एकूण वजन वाढतेच असे नाही. थोडे कमीही भरेल. पण बाजारात मोठ्या फळाला गिऱ्हाईक आधी येते आणि भावही बरा मिळतो. शिवाय ओझ्याने फांद्या मोडत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. परसातल्या झाडाला मोरीचे पाणी बारा महिने मिळते. त्यामुळे ते केव्हाही थोडे थोडे फुलते. पावसाळ्यात पिकणारा पेरू पाणचट असतो, आणि त्यात अळ्याही फार. हिवाळ्यातला पेरू गोड आणि टिकाऊ. तो हवा असेल तर चैत्र-वैशाखात मोरीचे पाणी दुसरीकडे वळवा. पाने गळू लागली की ताण पुरे झाला. मग माती हलवून खत घाला. मृगाच्या पावसावर नवी फूट येते आणि त्याच फुटीवर फुले धरतात. फळ कार्तिकापासून पौषापर्यंत हाती येते. तीन वर्षांच्या आतल्या झाडाला मात्र असा ताण देऊ नका.

तिसरी गोष्ट खताची. चांगले कुजलेले शेणखत चार-पाच पाट्या घालावे. ते बुंध्याशी ओतू नये. फांद्यांची सावली जेथवर पडते, तेथे गोल चर काढून घालावे. अन्न घेणारी बारीक मुळे तिकडेच अधिक असतात.

चौथी गोष्ट उजेडाची. वाळक्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या आणि बुंध्याचे फुटवे काढा. आतल्या पानांना ऊन मिळाले पाहिजे. खाली पडलेली अळ्यांची फळे खोल पुरून टाका, म्हणजे फळमाशी वाढणार नाही.

एवढे करूनही मूळची जातच बारीक असेल तर फळ नारळाएवढे होणार नाही! नवे झाड लावायचे असल्यास कलम आणा. 'सरदार' ऊर्फ 'लखनौ ४९' ही मोठ्या फळाची जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चिमा यांनी १९२७ साली निवडली. ती आजही लावतात.

आम्ही सांगतो म्हणून मानू नका. सारख्या दोन फांद्या निवडा. एकीवरची फळे विरळ करा, दुसरीला हात लावू नका. दोन्हींवरची फळे उतरताना मोजा. किलोत किती बसली, पैसे किती आले, ते वहीत लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. तुमच्या झाडाचा हिशेब तुमच्याच अक्षरात असला, म्हणजे पुढच्या वर्षी काय करायचे ते कोणाला विचारावे लागणार नाही. आणि बाजारात नेण्यापूर्वी पहिला मोठा पेरू घरातल्या मुलांना द्या. 'क' जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा पेरूत कितीतरी अधिक असते.