‘नेट गेलं’ म्हणजे नेमके काय गेले?

‘नेट गेलं’ ही तक्रार आता घरोघरी आणि शाळाशाळांतून ऐकू येते. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. राउटरचे बटण बंद करून पुन्हा चालू करणे, फोन खिडकीत धरणे आणि शेवटी नवा राउटर आणणे. यांपैकी एखादा उपाय कधी लागूही पडतो. पण का लागू पडला हे कळत नसल्याने पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल, तर हे चाचपडणे महागात पडते.

‘ताप आला’ हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसेच ‘नेट गेलं’ हे बिघाडाचे नाव नव्हे. आपला फोन आणि दूरचा संगणक यांच्यामध्ये एक साखळी असते. तिचे चार दुवे मानू या. पहिला, फोनपासून राउटरपर्यंतच्या रेडिओ लहरी. दुसरा, राउटरने फोनला दिलेला अंकी पत्ता. तिसरा, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची तार किंवा प्रकाशतंतू. चौथा, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी नामसेवा. कोणताही एक दुवा तुटला, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोनवरच्या वायफायच्या चिन्हातील सर्व कमानी भरलेल्या दिसल्या, की नेट ‘फुल’ आहे असे आपण समजतो. वास्तविक त्या कमानी फक्त पहिल्या दुव्याबद्दल सांगतात. रस्त्यावर खोदकाम होऊन कंपनीचा प्रकाशतंतू तुटला, तरी त्या भरलेल्याच राहतील. अशा वेळी लहरी पुढे पोहोचवणारे जास्तीचे यंत्र विकत आणले, तर पैसे वाया जातात.

मग दोष शोधायचा कसा? साखळी मधोमध तपासावी. एकाच फोनवर अडचण आहे की घरातल्या सर्व उपकरणांवर? एकाच फोनवर असेल तर दोष बहुधा त्या फोनमध्ये आहे. सर्वांवर असेल तर एक संगणक राउटरला तारेने जोडून पाहावा. तारेने नेट चालले, तर दोष लहरींच्या दुव्यात आहे. तारेनेही चालले नाही, तर लहरींचा विचार सोडून पुढे जावे. एका प्रश्नाने निम्मी साखळी संशयातून मुक्त होते.

आता पहिला दुवा. घरचे राउटर साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत काम करतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मिळते : अनुक्रमे सुमारे १२.५ आणि ६ सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत अधिक क्षीण होतात, म्हणून त्या पट्ट्याचा वेग चांगला पण पल्ला कमी. लोखंडी कपाट लहरी परतवते. पाण्याची टाकी, आणि माणसांनी भरलेली खोलीसुद्धा, त्या शोषते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे प्रबळ तर कुठे दुर्बल होतात. त्यामुळे फोन चार बोटे सरकवला तरी फरक पडू शकतो. राउटर कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्या जागी ठेवावा तो यासाठीच.

शेजाऱ्यांचे राउटरही अडथळा आणतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत. त्या ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींत घुसत नाहीत. शेजारी ६ वर असेल तर आपण १ किंवा ११ निवडावी.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्याने शास्त्रज्ञांनाही चकवले आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून विचित्र स्पंद नोंदले गेले होते. त्यांचा उगम २०१५ साली सापडला, तो तिथल्याच ओव्हनमध्ये! ओव्हन आपोआप बंद होऊ दिला तर स्पंद येत नसत. चालू असतानाच दार उघडले की येत. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलली, म्हणून हे उमगले.

दुसऱ्या दुव्याची खूण सोपी आहे. विंडोजच्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे. राउटर बंद करून चालू केल्यावर त्याची कामचलाऊ स्मृती पुसली जाते आणि पत्त्यांचे वाटप नव्याने होते. तो उपाय अनेकदा लागू पडण्याचे हे एक कारण. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून बटण दाबण्याआधी कोणते दिवे लागले आहेत ते टिपून ठेवावे.

तिसऱ्या दुव्याबद्दल दिवेच सांगतात. प्रकाशतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ अक्षरांचा लाल दिवा लागला, तर कंपनीकडून येणारा प्रकाश पोहोचत नाही. तंतू कुठे तीव्र वळला आहे का ते पाहावे. तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन बिघडून प्रकाश बाहेर गळतो. मात्र तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. त्यातील अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

चौथ्या दुव्यासाठी संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. ८.८.८.८ या पत्त्याकडून उत्तर येते, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर रस्ता ठीक असून नामसेवा बिघडली आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. लहरींची तीव्रता डीबीएम या एककात दाखवणारी ॲप फोनवर मिळतात. राउटरपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर नोंदी घ्याव्यात. मग मध्ये लाकडी फळी, पत्रा आणि एक विद्यार्थी असे एकेक आणून पुन्हा घ्याव्यात. दर १० एककांची घट म्हणजे शक्ती एकदशांश. अर्थात उणे ५० वरून उणे ८० म्हणजे एकसहस्रांश! प्रत्येक स्थितीत पाच नोंदींची सरासरी काढावी.

कंपनीकडे तक्रार करतानाही वेळ, दिव्यांची स्थिती आणि तारेने केलेल्या चाचणीचा निकाल सांगावा. ‘नेट गेलं’ या दोन शब्दांपेक्षा अशा तीन ओळींनी दुरुस्ती लवकर होते. आणि एका वेळी एकच बदल करून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर ती राउटरपुरती राहणार नाही.