तेल आणि पाणी यांचा सलोखा

नाशिक जिल्ह्यांत द्राक्षवेलींची छाटणी वर्षांतून दोनदां होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आटोपली, कीं कोंवळ्या पालवीबरोबर पिठ्या ढेकणाची चिंता सुरू होते. या किडीच्या अंगावर मेणचट पांढरें आवरण असतें. निव्वळ पाणी त्यावरून ओघळून जातें. म्हणून निफाड-दिंडोरीकडील कित्येक बागाईतदार निंबोळीचें तेल फवारतात. परंतु तेल आणि पाणी एका पिंपांत ओतलें म्हणजे फवारा सिद्ध झाला, अशी ज्याची समजूत असेल त्याची बाग धोक्यांतच समजावी. तेल वर तरंगतें, पंप तळांतील पाणी आधीं उपसतो. पहिल्या ओळींना नुसतें पाणी मिळतें आणि शेवटच्या ओळींचीं पानें तेलानें करपतात.

घुसळल्यानें तेलाचे बारीक थेंब होतात खरे. पण ते एकमेकांस भेटतांच पुन्हां एक होतात. येथें साबण मध्यस्थी करतो. त्याच्या कणाचें एक टोंक तेलांत रमतें, दुसरें पाण्यांत. असे असंख्य कण थेंबाभोंवतीं वेढा घालतात, आणि त्यांच्या बाहेरील टोंकांवरील ऋण विद्युद्भारामुळें थेंब एकमेकांना दूर लोटतात. मिश्रण दुधासारखें पांढरें दिसतें. दूध तरी दुसरें काय आहे? स्निग्धाचे थेंब पाण्यांत विखुरलेले, प्रत्येकाभोंवतीं पातळ वेष्टण. कच्च्या दुधावर रात्रीं मलई चढते, पण ढवळतांच ती पुन्हां मिसळते. ताकाच्या रवीनें मात्र वेष्टण फुटून लोणी निघतें, तें परत दूध होत नाहीं. हा भेद गृहिणीला पुस्तकावांचून ठाऊक असतो.

थेंबाचा व्यास निम्मा केला तर वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. पाणी दुप्पट दाट केलें तर निम्म्यावर. जुने औषधविक्रेते माशाच्या तेलाचे चार भाग, पाण्याचे दोन व डिंकाचा एक असे खलांत घोटीत, तें याचसाठीं. डिंक वेष्टणही होतो आणि दाटपणाही देतो. फवाऱ्यांत मात्र डिंक फार घालतां येत नाहीं, तोटी तुंबते.

खरा घात करतें तें जड पाणी. त्यांतील चुन्याचे क्षार साबणाचा साका करतात आणि तेल मोकळें होतें. बोर्डो मिश्रणांतही चुना असल्यानें साबणाशीं त्याची गांठ घालूं नये. थंडीच्या सकाळीं तेल थिजलें असेल तर कोमट करावें. थोड्या मऊ पाण्यांत साबण विरघळवून त्यांत तेलाची बारीक धार जोरानें ढवळीत सोडावी, मग पाणी वाढवावें. १० लिटरांस ५० मिलिलिटर तेल सर्वसाधारण प्रमाण होय. नंतर कांचेच्या बाटलींत थोडें मिश्रण काढून घटकाभर ठेवावें. वर पिवळें कडें दिसलें, तर तें वेलीवर जाऊं देऊं नये.