प्रसूती-सोबतीण

प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यापासून बाळंतपण पार पडेपर्यंत गर्भवतीजवळ सतत थांबून तिला धीर देणाऱ्या स्त्रीस प्रसूती-सोबतीण म्हणतात. हेच काम रीतसर प्रशिक्षण घेऊन करणारी ती डूला. सेविका या अर्थाचा हा मूळ ग्रीक शब्द मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये मातेच्या साहाय्यिकेसाठी योजला. डूला तपासणी करीत नाही, औषध देत नाही आणि बाळंतपणही करवीत नाही. सुईण व ती यांत हाच मुख्य भेद आहे.

ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पूर्ण अपरिचित, अप्रशिक्षित स्त्रीने सतत जवळ राहून आधार दिला तरी कळांचा काळ बराच घटल्याचे आढळले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक व शस्त्रक्रिया कमी होत्या.

कर्जत व खालापूर

रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत ठाकर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या डोंगरउतारांवर आहेत. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये ही येथील प्रमुख शासकीय रुग्णालये होत. त्यांत डूला असे पद नाही. गर्भवतीला रुग्णालयापर्यंत आणणे हे आशा स्वयंसेविकेच्या कामांपैकी एक आहे. मात्र प्रसूती कक्षाच्या दाराशी पूर्वी सर्वांनाच थांबावे लागे. घरच्या बाळंतपणात चार बायकांच्या गराड्यात असणारी स्त्री येथे एकाएकी एकटी पडे. रुग्णालयाची धास्ती वाटण्याचे हे कारण लहान नव्हे.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत सोबतिणीस परवानगी दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा आणि तिने रुग्णालयाच्या कामात हस्तक्षेप करू नये, अशा अटी आहेत. दोन खाटांमध्ये पडदा नसेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या लाजेपायी ही सवलत कागदावरच राहते.

परिचारिकेशी समन्वय

परिचारिका रक्तदाब व बाळाच्या हृदयाचे ठोके पाहून पार्टोग्राफ या आलेखावर प्रगती नोंदवते. सोबतीण पाठ चोळते, पाणी पाजते, आधार देऊन फिरवते. रक्तस्राव वा झटके दिसताच परिचारिकेला हाक मारणे, हे तिचे सर्वांत मोलाचे काम. कातकरी बोलीतील गाऱ्हाणे परिचारिकेला कळत नसेल, तर तेही तीच उलगडून सांगते.

मतभेद होतात ते बहुधा जुन्या सवयींवरून. अनुभवी आजी पोट दाबू पाहते किंवा गर्भाशयाचे मुख पूर्ण उघडण्याआधीच जोर करायला सांगते. दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. परिचारिकेने त्या आरंभीच, सर्वांदेखत न रागावता, समजावून सांगितल्यास आजी बहुधा ऐकते. अपमान झाल्यास सोबत तुटते ती तुटतेच.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे दिवस भरले, तर आई व सासू दोघीही दूर असतात. अशा वेळी आशा किंवा भट्टीवरील शेजारीण हीच सोबतीण होऊ शकते. तिची निवड गर्भवतीने सातव्या-आठव्या महिन्यातच करून ठेवणे इष्ट होय.