तूप, रेल्वे आणि हृदयविकार : एका जुन्या पेपरमधून काय शिकायचं?

'पंजाबी लोक एवढं तूप खातात, त्यांना काही होत नाही.' ठाणे-डोंबिवलीतल्या कुठल्याही फॅमिली ग्रुपवर हा मेसेज कधी ना कधी येतोच. गंमत म्हणजे या वाक्याला आधार म्हणून एक खरा पेपर दाखवता येतो.

पेपर काय सांगतो?

एस. एल. मल्होत्रा हे मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. १९५८ ते १९६२ या काळात देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू त्यांनी तपासले आणि १९६७ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले. दक्षिणेत हा आजार पंजाबच्या सुमारे सातपट आढळला. आणि आहारात चरबी मात्र पंजाबात कितीतरी जास्त!

रेल्वेच का निवडली असेल? कारण तिथे छेद माहीत असतो. नुसतं 'इतके दगावले' म्हणून काही कळत नाही. किती जणांपैकी दगावले, हे लागतं. रेल्वेकडे कर्मचाऱ्यांची संख्या आणि वय, दोन्ही नोंदलेलं होतं.

मग तूप निर्दोष सुटलं का?

नाही. इथे तीन गोष्टी बघा.

१. तुलना प्रदेशांची आहे, माणसांची नाही. पंजाबात जे दगावले ते तूप जास्त खाणारे होते की कमी, हे सरासरीवरून कळत नाही. याला 'इकॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात.

२. दोन प्रदेशांत फक्त चरबीच वेगळी नसते. चरबीचा प्रकार, बाकीचं जेवण, सवयी, निदानाची पद्धत, सगळंच बदलतं.

३. नोकरीत टिकलेली माणसं मुळातच थोडी धडधाकट असतात. शिवाय ५५ वर्षांनंतरचं चित्र या आकड्यांत नाहीच.

म्हणजे पेपर टाकाऊ नाही. तो चांगला प्रश्न उभा करतो, उत्तर देत नाही.

उत्तराकडे कसं जायचं?

माणसागणिक माहिती घेऊन. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले पहिला हार्ट अटॅक आलेले रुग्ण आणि त्याच वयाचे, अटॅक न आलेले लोक यांची तुलना केली होती. धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या, दारू आणि व्यायाम, या नऊ घटकांशी मिळून सुमारे ९० टक्के धोका जोडलेला निघाला. दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३, बाकी ठिकाणी जवळपास ५९. यामागचं मोठं कारण म्हणजे हेच घटक आपल्याकडे कमी वयात दिसतात. म्हणजे 'आपल्या रक्तातच आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत. यातलं बरंचसं बदलता येतं.

आता तुमची पाळी

समजा, डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर तुम्ही प्रवाशांचं बीपी मोजताय. पूल चढून धावत आलेल्याचं रीडिंग चालेल का? नाही, पाच मिनिटं शांत बसवून, किमान दोनदा मोजावं लागेल. आणि प्रवास झेपत नाही म्हणून ज्यांनी नोकरीच सोडली, ते तुमच्या नमुन्यात कुठे आहेत? विचार करा, कमेंटमध्ये लिहा.

आणि हो, त्याच पद्धतीने आज घरी आई-बाबांचं बीपी मोजा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार येत असेल, तर ग्रुपवर नाही, डॉक्टरांना विचारा.