समाजकल्याणाच्या खात्यात

जुलै २०२० मध्ये एफबीआयनं ओहायो राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर आणि त्यांच्या चार साथीदारांना अटक केली. आरोपींच्या यादीत या पाच माणसांखेरीज एक संस्थाही होती. तिचं नाव ‘जनरेशन नाऊ’. कागदोपत्री ती समाजकल्याणासाठी काढलेली ना-नफा संस्था होती. फर्स्टएनर्जी ही वीजकंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांच्याकडून तिच्या खात्यात सुमारे ६ कोटी डॉलर आले. त्या पैशावर हाउसहोल्डर यांच्या गोटातले उमेदवार निवडून आले आणि जानेवारी २०१९ मध्ये हाउसहोल्डर सभापती झाले. जुलैत फर्स्टएनर्जीच्या दिवाळखोर उपकंपनीच्या दोन अणुवीज प्रकल्पांना सुमारे १३० कोटी डॉलरचा टेकू देणारा कायदा मंजूर झाला. हा पैसा ग्राहकांच्या वीजबिलातून वसूल व्हायचा होता.

कायद्याविरुद्ध सार्वमत घ्यावं म्हणून लोक सह्या गोळा करू लागले, तर टीव्हीवर जाहिराती झळकल्या: सह्या करू नका, चीन तुमची वीजव्यवस्था ताब्यात घेतोय. या जाहिरातींचा खर्चही त्याच समाजकल्याणाच्या खात्यातून झाला. काही रक्कम हाउसहोल्डर यांच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि फ्लोरिडातल्या घराची डागडुजी यांत जिरली. पुढे संस्थेनं स्वतःच गुन्हा कबूल केला आणि जून २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना वीस वर्षांची शिक्षा झाली.

ही मंडळी अडकली ती पैशाच्या बदल्यात कायदा करून दिल्याचा पुरावा हाती लागला म्हणून. नाव न सांगता आलेला पैसा घेतला, एवढ्यानं कुणी तुरुंगात जात नाही. अमेरिकेत तो रिवाज राजरोस आहे, आणि त्याची मुळं निवडणूक कायद्यापेक्षा प्राप्तिकराच्या कायद्यात अधिक खोल गेलेली आहेत.

त्या कायद्याच्या ५०१व्या कलमात करमाफी मिळणाऱ्या संस्थांचे बरेच वर्ग आहेत. त्यातले दोन आपल्या कामाचे. ‘सी ३’ म्हणजे धर्मादाय संस्था: चर्च, मंदिरं, विद्यापीठं, रुग्णालयं. यांना देणगी दिली की देणाऱ्याला करसवलत मिळते. पण उमेदवाराचा प्रचार करायला या संस्थांना सक्त मनाई. टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी १९५४ मध्ये ही अट कायद्यात घालून घेतली. दुसरा वर्ग ‘सी ४’, म्हणजे समाजकल्याण संस्था. इथे देणगीदाराला करसवलत नाही, पण त्याचं नाव जनतेपुढे येत नाही. १९१३ च्या कायद्यानुसार अशा संस्थेनं ‘निव्वळ’ समाजकल्याणच करायचं होतं. १९५९ मध्ये अर्थखात्यानं नियम केला, की ‘मुख्यत्वे’ केलं तरी पुरे. मुख्यत्वे म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेलं नाही. वकिलांनी सोयीचा अर्थ काढला: निम्म्याहून थोडा कमी खर्च राजकारणावर केला तर हरकत नाही.

पन्नास वर्षं ही फट तशी फार कुणाच्या उपयोगाची नव्हती, कारण कंपन्यांच्या पैशावर निवडणूक कायद्याचा पहारा होता. उमेदवारांना थेट पैसे देण्याची बंदी १९०७ पासूनची. वॉटरगेट घोटाळ्यानंतर, १९७४ मध्ये, देणग्यांवर मर्यादा आल्या आणि निवडणूक आयोग स्थापन झाला. (आयोगात सहा जागा, एका पक्षाचे तीनच सदस्य, आणि निर्णयाला चार मतं हवीत. म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय पान हलत नाही. बहुधा हलू नये अशीच रचना आहे.) १९७६ च्या ‘बकली विरुद्ध व्हालेओ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देणगीवरची मर्यादा मान्य केली, खर्चावरची रद्द केली. प्रचारावर खर्च करणं हे अभिव्यक्तीचंच रूप आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

या निकालाचा फायदा घेणारा एक माणूस मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘ही श्रींची इच्छा’ लिहिणारे बेळगावचे श्री ठाणेदार. उमेदवारानं स्वतःचे किती पैसे ओतावेत याला बंधन नाही, म्हणून २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनचं गव्हर्नरपद मिळवण्यासाठी पदरचे एक कोटी डॉलरहून जास्त खर्च केले आणि पक्षांतर्गत लढतीत तिसरे आले. २०२२ मध्ये काँग्रेससाठी डेट्रॉइटमधून उभे राहिले, तेव्हा बाहेरच्या गटांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी लाखो डॉलर ओतले. तरी नऊ जणांच्या पक्षांतर्गत लढतीत २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. मतांचा भाव ठरवता येतो, पण माल मिळेलच याची हमी नाही.

२१ जानेवारी २०१० ला फट रुंदावून दरवाजा झाला. ‘सिटिझन्स युनायटेड’ या सी ४ संस्थेनं हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध माहितीपट काढला होता. तो २००८ च्या निवडणुकीच्या तोंडावर दाखवता येईल का, एवढाच मूळ वाद. निकाल मात्र ५ विरुद्ध ४ असा लागला, की उमेदवारापासून स्वतंत्र राहून कंपन्या आणि संघटना प्रचारावर हवा तितका खर्च करू शकतात. न्यायमूर्ती केनेडी यांचा भरवसा पारदर्शकतेवर होता: इंटरनेटच्या जमान्यात कोण कुणासाठी पैसे देतंय, हे नागरिकाला लगेच कळेल. निकालाच्या या भागाला आठ न्यायमूर्तींचा पाठिंबा होता. गंमत म्हणजे प्रत्यक्षात नेमका हाच भाग लंगडा पडला. काही महिन्यांत अमर्याद देणग्या घेणारे ‘सुपर पॅक’ जन्माला आले. त्यांना देणगीदारांची नावं जाहीर करावी लागतात. पण देणगीदार म्हणून सी ४ संस्थेचं नाव लिहिलं की काम भागतं; तिच्यामागे कोण, हे विचारायची सोय नाही.

हा खेळ सामान्य अमेरिकनाला समजावला तो विनोदवीर स्टीफन कोल्बेअर यांनी. २०११ मध्ये त्यांनी खरोखरीचा सुपर पॅक काढला. मग निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर यांना कार्यक्रमात बसवून डेलावेअरमध्ये नोंदलेली सी ४ संस्थाही उभी केली. देणगीदारानं पैसे संस्थेला द्यायचे, संस्थेनं सुपर पॅकला. यात आणि काळा पैसा पांढरा करण्यात फरक काय, असं कोल्बेअरनी विचारल्यावर पॉटर यांना धड उत्तर देता आलं नाही. दहा लाख डॉलरहून जास्त पैसे जमले. उरलेली रक्कम नंतर चांगल्या कामांना गेली.

लगाम घालायचा तो करखात्यानं. पण अशा संस्थांचे अर्ज तपासताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी ‘टी पार्टी’सारखे उजव्या गटांचे शब्द नावात दिसले की फाइल बाजूला काढण्याचा शॉर्टकट शोधला. मे २०१३ मध्ये विभागप्रमुख लोइस लर्नर यांनी वकिलांच्या परिषदेत, आधी ठरवून विचारायला लावलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, माफी मागितली आणि आगडोंब उसळला. डाव्यांचे शब्दही चाळणीत होते हे २०१७ च्या अहवालात आलं, पण तोवर उशीर झाला होता. ‘मुख्यत्वे’ची नेमकी व्याख्या करणारा मसुदा दीड लाख हरकती-सूचना आल्यावर मागे घेतला गेला. डिसेंबर २०१५ पासून तर संसदेनं अर्थसंकल्पातच करखात्याला असा नियम करण्याची मनाई घातली. त्याच वर्षी सी ४ ला दिलेल्या भेटींवरचा करही माफ झाला. शिकागोचे उद्योगपती बार सीड यांनी आपली १६० कोटी डॉलरची कंपनीच पुराणमतवादी कार्यकर्ते लिओनर्ड लिओ यांच्या अशाच सी ४ ट्रस्टला देऊन टाकली. हे बाहेर आलं ते पत्रकारांमुळे, २०२२ मध्ये. उदारमतवादी सोवळे आहेत असं मात्र नाही. ‘सिक्स्टीन थर्टी फंड’सारख्या संस्थांमुळे २०२० मध्ये अशा पैशाचा अधिक लाभ डेमोक्रॅट पक्षालाच झाला.

गुप्ततेची बाजू घेणारे एक दाखला देतात आणि तो भक्कम आहे. १९५६ मध्ये अलाबामा राज्यानं कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली. यादी गेली असती तर त्या माणसांची नोकरी आणि जीव, दोन्ही धोक्यात येते. एक लाख डॉलरचा दंड बसला तरी संघटनेनं यादी दिली नाही, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय एकमतानं तिच्या बाजूनं उभं राहिलं. पण वर्गणी भरणाऱ्या शिवणवाल्या बाईसाठी धरलेली ढाल अब्जाधीशानं आपल्यासाठी मागावी, हे मला पटत नाही. ठरावीक मोठ्या रकमेवरच्या देणगीदाराचं नाव जाहीर करा आणि खालच्यांना सोडा, हा मार्ग अवघड नाही. त्याची विधेयकं संसदेत पुन्हापुन्हा आली आणि पडली.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी थोडं कामाचं. तिथली बहुतेक महाराष्ट्र मंडळं सी ३ वर्गातली आहेत. चर्चनं आपल्या भक्तांपुढे उमेदवाराबद्दल बोललं तर चालेल, अशी भूमिका करखात्यानं जुलै २०२५ मध्ये एका खटल्यात घेतली. ती प्रार्थनास्थळांपुरती आहे, मंडळांना लागू नाही. तेव्हा गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर एका उमेदवाराला बोलावलंत तर प्रतिस्पर्ध्यालाही आमंत्रण द्या आणि मंडळाच्या ईमेल यादीवरून कुणासाठी मतं मागू नका. ग्रीन कार्ड असेल तर स्वतःच्या खिशातून देणगी देता येते. एच-१बी व्हिसावर असाल तर एक डॉलरही देऊ नका. ते बेकायदा आहे.