तंबूतला सिनेमा, घरातला सिनेमा

जुन्या चित्रपटांची आवड बहुधा कुणाच्या तरी सोबतीने लागते. आजी एखाद्या नटाचे नाव सांगते, वडील रेडिओवरचे गाणे कोणत्या चित्रपटातले ते ओळखून दाखवतात, एखादा मित्र हट्टाने शेजारी बसवून पूर्ण चित्रपट पाहायला लावतो. चित्रपट रिळांवर किंवा संगणकाच्या फायलींत सुरक्षित राहू शकतो, पण तो का पाहायचा आणि त्यात काय पाहायचे, हे माणसांनीच माणसांना सांगावे लागते. महाराष्ट्रात हे सांगणे जत्रेतल्या तंबूत, घरातल्या दूरदर्शनसमोर आणि फिल्म सोसायट्यांच्या खेळांत झाले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मराठी सिनेमाशी असलेला संबंध पाहिला की ही साखळी कशी जोडली गेली ते नीट कळते.

नगरचा ज्ञानेश्वर

मराठी बोलपटाच्या पहिल्या पिढीतले नायक शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात ते बाळकृष्ण झाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौदा होते. मराठी बोलपट सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. पुढच्याच वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटांतल्या अगदी सुरुवातीच्या दुहेरी भूमिकांमध्ये तिची गणना होते. त्यानंतर अनेक पौराणिक चित्रपटांतून लोकांनी त्यांना कृष्णाच्या रूपात पाहिले.

त्यांच्या दोन भूमिका आजही आवर्जून पाहाव्यात अशा आहेत. पहिली ‘माणूस’ (१९३९) मधली. प्रभात फिल्म कंपनीच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांनी केले. रात्रीच्या धाडीत सापडलेल्या मैनेला गणपत हवालदार सोडून देतो आणि पुढे तिच्यात गुंततो. मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांनी केली. वेश्या आणि पोलीस यांची ही गोष्ट रडारडीकडे झुकत नाही. चित्रपट मध्येच त्या काळच्या गोडगुलाबी पडदा-प्रेमाची, बागेतल्या युगुलगीतांची नक्कल करून दाखवतो. नव्या प्रेक्षकाला हे आधी सांगितले, तर ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा सिनेमा आपल्याच काळातल्या सिनेमाची थट्टा करू शकत होता याचे त्याला नवल वाटते.

दुसरी भूमिका ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधली. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मोडक मोठेपणीचे ज्ञानेश्वर झाले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, आणि नेवासे याच जिल्ह्यात आहे. ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो खांब तिथे आजही पाहायला मिळतो. नगरमध्ये ख्रिस्ती घरात जन्मलेल्या नटाने नेवाशाच्या संताला पडद्यावर उभे केले आणि महाराष्ट्राने तो ज्ञानेश्वर आपला मानला. जिल्ह्यातल्या मुलांना हा चित्रपट दाखवताना याहून चांगली प्रस्तावना शोधावी लागत नाही.

या चित्रपटात रेड्याने वेद म्हणण्याचा प्रसंग आहे आणि वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांना भेटायला भावंडांसह भिंत चालू लागते तोही प्रसंग आहे. आजच्या संगणकीय चमत्कारांना सरावलेल्या डोळ्यांना ही दृश्ये साधी वाटू शकतात. पण चमत्कार दाखवताना कॅमेरा घाई करत नाही, आणि चमत्काराइतकेच लक्ष तो पाहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे देतो. प्रेक्षकाची नजर त्या चेहऱ्यांकडे वळवली की दृश्याची ताकद लक्षात येते.

जत्रेतले टुरिंग टॉकीज

शहरात पक्की थिएटरे उभी राहिली तरी गावोगावी सिनेमा पोहोचवला तो टुरिंग टॉकीजने. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची आणि मोहट्याला देवीची यात्रा भरते, पारनेर तालुक्यात कोरठणच्या खंडोबाची भरते. पीकपाण्याच्या आणि सणवारांच्या हिशेबाने चालणारे असे यात्रा-जत्रांचे पंचांग साऱ्या महाराष्ट्रात आहे, आणि तंबूवाल्यांचा फिरण्याचा मार्ग या पंचांगावरच ठरत असे. एका जत्रेचे दिवस सरले की खांब, कनाती, पडदा, जनरेटर आणि यंत्र ट्रकमध्ये भरून पुढची जत्रा गाठायची.

तंबूची रचना गरजेतून घडली होती. प्रोजेक्टर बहुधा जुन्या ट्रकच्या हौद्यातच पक्का बसवलेला असे, आणि तो ट्रक तंबूच्या तोंडाशी लावला की तीच प्रोजेक्शनची खोली होई. प्रेक्षक जमिनीवर बसत, बायकांची आणि पुरुषांची बसायची जागा वेगळी असे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या चित्रपटासाठी जवळपास ११,००० फूट फिल्म लागते. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण २२ मिनिटे चाले. यंत्र एकच असले की रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. तेवढ्यात आधीच्या भागात काय झाले आणि पुढे काय होणार यावर तंबूत बोलणे सुरू होई. घरची तीन-तीन पिढ्यांची माणसे शेजारी बसलेली असल्याने जुना चित्रपट पुन्हा लागला की मोठ्यांना तो आठवे आणि लहानांना तो पहिल्यांदा दिसे.

संतपटांचे तंबूत विशेष स्थान होते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला. त्याच चित्रपटाने ग्रामीण प्रेक्षकही जिंकला, कारण विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची जिजाई हे जोडपे गावातल्या माणसाला आपल्याच आळीतले वाटले. लोकांनी पाहून झालेला चित्रपट पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्यांदा जाताना बरोबर आणखी कुणाला तरी नेले.

पुढे फिल्मच्या छपाईचा खर्च परवडेना आणि डिजिटल प्रक्षेपण आले, तसे तंबू घटले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमाचे शेवटचे पर्व टिपले. २०१६ च्या कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली.

घरातला पडदा

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रक्षेपणाचा पल्ला वाढत गेला तशी तंबूतली गर्दी घराच्या ओसरीवर आली. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी असा नेम ठरून गेला. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्याकडे सारी आळी जमे. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) असे चित्रपट प्रदर्शनानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या मुलांनी असेच पाहिले. पुण्याच्या विजयानंद थिएटरात ‘सांगत्ये ऐका’ १३१ आठवडे चालला होता. तो तिथे पाहिलेली माणसे आता टीव्हीसमोर बसून मुलांना पुढचा प्रसंग आधीच सांगून टाकत.

सोसायटीचा खेळ

आवड डोळस व्हावी यासाठी फिल्म सोसायट्यांची चळवळ उभी राहिली. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय होते. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि मराठी प्रेक्षकाला जगातल्या उत्तम चित्रपटांची ओळख करून देण्यात या संस्थेचा मोठा वाटा राहिला. सोसायटीच्या खेळाची पद्धत साधी असते. आधी पाच-दहा मिनिटे प्रस्तावना, मग अखंड चित्रपट, आणि शेवटी चर्चा. सगळ्यात महत्त्वाची ही चर्चाच, कारण एकाच दृश्यात दोघांनी वेगळे काय पाहिले ते तिथे उघड होते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या नजरेने चित्रपट पुन्हा पाहतो.

अशा पाहण्यातून करणारेही घडतात. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्थान मिळाले, आणि पुढे ‘फँड्री’ व ‘सैराट’ आले. नगरच्याच सदाशिव अमरापूरकर यांनी ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये साकारलेला रामा शेट्टी आता स्वतःच अभिजात ठरला आहे. नव्या प्रेक्षकाला जुन्याकडे नेताना या ओळखीच्या नावांचा धागा फार उपयोगी पडतो.

जपणूक

एकत्र पाहायचे तर चित्रपट आधी शिल्लक हवा. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर काढले जात. ही फिल्म झटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास चिकट होऊन भुकटी होते. भारतातल्या बहुसंख्य मूकपटांचा असाच नाश झाला. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचून दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांसह मिळेल ते रीळ गोळा केले. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मौल्यवान मूळ रिळे गेली. संग्रहालयात चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात. घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी पुस्तिका निघाली तर ती रद्दीत न जाता अशा ठिकाणी जावी.

घरी दाखवताना

मुलांना जुना चित्रपट दाखवायचा तर निवड विचाराने करावी. पहिला चित्रपट हसरा असावा. राजा परांजपे यांचा ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२) त्यासाठी उत्तम, आणि श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव जिल्ह्यातल्या मुलांना माहीत असतेच. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आजही हसवतो. संतपट आणि सामाजिक चित्रपट त्यानंतर घ्यावेत.

जुन्या चित्रपटाची चाल संथ असते, म्हणून लहानांसाठी तो मध्यंतरावर तोडून दोन बैठकांत दाखवायला हरकत नाही. सुरू होण्याआधी काळ, कलाकार आणि बोलीतले दोन-चार जुने शब्द सांगावेत, मग मध्ये बोलू नये. संपल्यावर ‘आवडला का?’ एवढेच विचारले तर उत्तर एका शब्दात येते. ‘मैनेने गणपतची मदत का घेतली नसेल?’ असे नेमके विचारले तर बोलणे सुरू होते. घरातल्या ज्येष्ठांनी तो चित्रपट कुठे, कुणाबरोबर, किती तिकिटात पाहिला हे त्याच वेळी विचारून लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे. तंबूतल्या खेळांच्या नोंदी सरकारी दप्तरात फारशा सापडत नाहीत, त्या या आठवणींतच आहेत.

गावातले वाचनालय, शाळा किंवा ज्येष्ठ नागरिक संघ महिन्याला एक जुना चित्रपट सहज दाखवू शकतो. रीतसर परवानगीची प्रत, एक प्रोजेक्टर, पांढरी भिंत आणि प्रस्तावना करणारे एखादे जाणकार माणूस एवढ्यावर काम भागते. सोसायटीसारखी चर्चा आणि तंबूसारखा सर्व वयांचा प्रेक्षक, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. संग्रहालये चित्रपट जपतील, तो पाहणारी पुढची पिढी मात्र अशा खेळांतूनच तयार होईल.